बाळासोतात्या काही करत नाहीत

गेलं वर्षभर आमच्या गल्लीत सकाळी दोन चौकशा एका दमात व्हायच्या. नळाला पाणी आलं का, आणि बाळासोतात्यांचं पोट कसं आहे. दोन्हींचं उत्तर बहुधा एकच असायचं. काल बरं होतं, आजचं काही सांगता येत नाही.

तात्या म्हणजे विट्याचे अस्सल गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातला मळ काढायचा आणि शुद्ध धातू परत द्यायचा, याला आमच्याकडे गलाई म्हणतात. या कामासाठी विट्याची माणसं देशभर पसरलेली आहेत. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात उभं राहून "विट्याचं कोण हाय का?" असं विचारलं, तर निदान दोन माणसं जिन्यावरून खाली डोकावतात. तात्या सतराव्या वर्षी मामाबरोबर मदुराईला गेले आणि चाळीस वर्षं भट्टीपुढं बसले. तमिळ त्यांच्यात एवढं मुरलं, की रागवायचे तमिळमध्ये, स्वप्नात बडबडायचे तमिळमध्ये, आणि पोटात कळ आली की कण्हायचेही तमिळमध्येच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान मुलाच्या, म्हणजे वीरधवलच्या, हातात दिलं आणि मंगलवहिनींना घेऊन ते गावी परत आले.

आता परत आलेल्या गलाईवाल्यानं कसं राहायचं, याची आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. त्यानं दुमजली बंगला बांधायचा, त्याला आईचं नाव द्यायचं, पांढरे कपडे घालून व्हरांड्यात खुर्ची टाकायची आणि काहीही करायचं नाही. हे 'काहीही न करणं' फार मानाचं असतं. म्हातारपणी बाप काही करताना दिसला, तर त्याचा अर्थ एकच निघतो, की पोरगं बघत नाही. त्यामुळं तात्यांना कुणी विचारलं, "तात्या, सध्या काय चाललंय?", की ते मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "काय न्हाई. पोरगा बघतो समदं." त्यात जो थाट असायचा, तो एखाद्या आमदाराला आपण आमदार आहोत हे सांगतानाही साधत नसेल.

पण चाळीस वर्षं भट्टीपुढं बसलेले हात व्हरांड्यात किती दिवस गप्प बसणार? सहा महिन्यांत तात्यांनी बागेतल्या सगळ्या झाडांची आळी तीनदा बदलली. नंतर एकदा मंगलवहिनींच्या बहिणीनं आजीच्या वेळचे चांदीचे वाळे आणले आणि म्हणाली, "दाजी, यात चांदी किती आन माती किती, एवढं बघा की." झालं. बंगल्याच्या मागं सामान ठेवायची एक खोली होती, तिथं तात्यांनी हातभर भट्टी मांडली. चांदी गाळायची जुनी पद्धत अशी, की राखेच्या खळग्यात चांदीबरोबर शिसं वितळवायचं. शिसं चांदीतला सगळा मळ पोटात घेतं, थोडं राखेत मुरतं, थोडं धूर होऊन जातं, आणि शेवटी खळग्यात चांदीचा गोळा आरशासारखा चमकतो. ते पाहताना तात्यांचा चेहराही तसाच व्हायचा.

मग मेहुणीनंतर चुलती आली, चुलतीनंतर विहीण, विहिणीनंतर गल्ली. तात्या कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, कारण घेतला तर ते काम ठरलं असतं. हा नुसता वेळ होता. आणि वेळ घालवतानाचा धूर कुणाला दिसू नये, म्हणून ते खोलीचं दार आतून लावायचे, आणि एकुलत्या एका खिडकीला पोतं ठोकायचे. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. माझ्या बायकोची पैंजणं तिथंच गाळून आली. पण कुणी उघड बोलायचं नाही. तात्यांच्या मानाचा प्रश्न होता, आणि आमच्या चांदीचाही.

इतकं वाचून तात्यांचं पोट का दुखत होतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या आलं नाही. आम्हाला अकरा महिने लागले, आणि या अकरा महिन्यांत मी स्वतः गाडी काढून तात्यांना सहा डॉक्टरांकडं नेलं. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन मलाही काही काम नव्हतं.

पहिले आमचे गल्लीतलेच डॉक्टर. ते म्हणाले, गॅस. गुलाबी औषधाची बाटली मिळाली. दुसऱ्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. त्या घेतल्यावर पोट साफ होईना. आधीही होत नव्हतंच, पण आता त्याला कारण सापडलं, एवढं समाधान झालं. मग तात्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटायला लागली. तेव्हा कराडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि गळ्यात पट्टा घातला. आता तात्या पट्टा घालून, गुलाबी औषध पिऊन, लोहाच्या गोळ्या खाऊन व्हरांड्यात बसू लागले, आणि तरीही कळ आली की पट्ट्यासकट दुमडून तमिळमध्ये कण्हू लागले.

प्रत्येक डॉक्टर एक प्रश्न न चुकता विचारायचा.

"काका, काम काय करता?"

"काय न्हाई. पोरगा बघतो समदं."

"आणि आधी?"

"सोन्याचा धंदा."

डॉक्टर कागदावर 'सराफ, निवृत्त' असं लिहायचे. शेजारी मी बसलेला असायचो, आणि मान डोलवायचो. मला एकदाही वाटलं नाही, की आपण काही लपवतोय. तात्या काही करत नव्हते, हे मला सरकारी दाखल्याइतकं खरं वाटत होतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळे जुने कागद पाहिले, पोट दाबून पाहिलं, मग चष्मा काढून हळूच विचारलं, "घरी काही ताणतणाव?"

तात्यांनी विचार केला. "घरी मंडळी हाय."

डॉक्टरांनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. बाहेर येऊन पाहिलं तर झोपेची गोळी होती.

पाचव्यांदा सांगलीला आठ दिवस दाखल करून घेतलं, आणि गोंधळाला खरी सुरुवात तिथून झाली. कारण पाचव्या दिवशी तात्या ठणठणीत. सातव्या दिवशी त्यांनी शेजारच्या पेशंटच्या डब्यातलं सुकं मटण खाल्लं आणि पचवलं. सगळे तपास बरोबर आले. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. घरी येऊन बारा दिवस झाले, आणि तात्या पुन्हा दुमडले. मग नातवाच्या बारशाला मदुराईला गेले. पंधरा दिवस तिथं रस्सम-भात हाणला, पोट शांत. गावी आल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा कळ.

"हितंच काय तरी हाय," तात्या म्हणाले. "भाईर गेलं की बरं वाटतं."

या 'हितंच'मध्ये काय काय येतं, याचा शोध सुरू झाला. पहिला संशय बोअरच्या पाण्यावर आला, दुसरा तेलावर. मग तात्यांच्या चुलती हरणाबाई काठी टेकत आल्या, घरभर फिरल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "चूल लय चुकीच्या दिशेला हाय. आन रांधनारीचा हात जड हाय."

मंगलवहिनी कणीक मळत होत्या. "आत्याबाई, इतकी वरसं ह्याच हाताचं खाल्लं त्येंनी मदुराईत."

"तवा तरणे होते ते," हरणाबाई म्हणाल्या. "तवा काय बी पचतं."

वहिनींनी तेल बदललं, मीठ बदललं, पितळेची भांडी काढून स्टीलची आणली, शेगडीचं तोंड फिरवलं. पाण्याची टाकी दोनदा धुतली. फोनवर वीरधवलचा सल्ला आला, "आई, रागावू नकोस, पन आठ दिस तुझ्या हातचं बंद करून बघूया का?" वहिनींनी फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून तात्यांचा डबा आमच्या घरून जाऊ लागला. नवव्या दिवशी तात्यांना अशी कळ आली, की त्यांचं ओरडणं आमच्या गच्चीवर ऐकू आलं. त्या संध्याकाळी माझी बायको मला म्हणाली, "आता माझा बी हात जड हाय म्हणून सांगतील. डबा बंद." सांगायचं एवढंच, की अकरा महिन्यांत दोन स्वयंपाकघरं बदनाम झाली आणि पोट जिथल्या तिथं राहिलं.

शेवटी मिरज. आमच्याकडं माणूस मिरजेला नेला, म्हणजे विषय गंभीर झाला असं समजतात. तिथले सर्जन मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळ्या फायली चाळल्या, आणि खरं ते सांगितलं, की नक्की काय आहे ते त्यांनाही कळत नाही. "पोटात दुर्बीण घालून बघू. अपेंडिक्स असेल तर लगेच काढून टाकू. काही दुसरं दिसलं तर मोठा छेद घ्यावा लागेल, तयारी ठेवा." तारीख सोमवारची ठरली.

परतीच्या वाटेवर तासगाव ओलांडल्यावर तात्या म्हणाले, "न कळताच फाडायचं?"

"फाडायचं नाही तात्या. भोकं पाडून बघायचं."

"मुशीला भोक पाडून आत काय हाय ते कोन बघतंय का?" मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. "मूस एकदा तडकली की तिच्यात परत काय बी धरत न्हाई गड्या. मी दोन हजार मुशी फेकून दिल्यात. मला म्हायती हाय."

तात्यांना मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, पण त्याहून जास्त भीती त्यांना त्या तडकण्याची होती. पोट उघडलं, काही सापडलं नाही, आणि पुन्हा शिवून खुर्चीत ठेवलं, तर मग उरलेलं आयुष्य नुसतं खुर्चीतच.

पुढचे दोन दिवस तात्या खोलीत जाऊन बसले. गल्लीतल्या बायकांची जोडवी, छल्ले, तुटके करदोडे पडून होते, ते सोमवारच्या आत द्यायचे होते. "कुनाचं काय राहायला नको," म्हणाले. दार लावून, पोतं नीट खोचून, दिवसभर भट्टी. मंगलवहिनी व्हरांड्यात बसून असायच्या. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "आत झोपलेत."

शुक्रवारी मिरजेला भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासलं. छाती पाहिली, घसा पाहिला, आणि पुढचा वरचा दात बोटानं हलवला. "हा दात डुलतोय. भूल देताना घशात नळी घालतो तेव्हा तुटून आत गेला, तर नवीन भानगड. उद्या दंतवैद्याकडून काढून घ्या, आणि मग या."

म्हणजे पोटासाठी निघालेला माणूस दातावर येऊन थांबला. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आता दात बी हाय का यात?"

विट्यात दातांचा नवा दवाखाना निघाला होता. नूरीन मुलाणी नावाची पोरगी, नुकतीच डॉक्टर होऊन आलेली. मूळची आटपाडीची. तिचे वडील दस्तगीरभाई पूर्वी गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. ती आमच्या गल्लीची नव्हती, विट्याचीही नव्हती, त्यामुळं तिला आमच्या मानापमानाचा गंधही नव्हता. शनिवारी सकाळी तात्या, मंगलवहिनी आणि मी तिच्याकडं गेलो.

तात्या खुर्चीत आडवे झाले. नूरीननं दिवा वळवला आणि तोंडात पाहिलं.

"काका, मिसरी किती वर्षं?"

"मदुराईला गेलो तवापासून." भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड तात्या रोज सकाळी दातांना घासायचे. त्यामुळं त्यांचे दात आणि हिरड्या यांच्यात रंगानं फरक करणं अवघड होतं.

"आधी सगळं साफ करते. नाहीतर दात कुठं संपतो आणि हिरडी कुठं सुरू होते, तेच दिसत नाही."

यंत्र सुरू झालं. चाळीस वर्षांची मिसरी पाण्याच्या फवाऱ्याबरोबर निघू लागली. अर्ध्या तासानं तात्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. पिवळसर होते, पण होते. नूरीननं आरसा धरला, आणि थांबली. हिरडीच्या कडेला, दाताला लागून, एक बारीक निळसर काळी रेघ राहिली होती. तिनं पुन्हा घासलं. रेघ तशीच. कापसानं पुसलं. तशीच. तिसऱ्यांदा यंत्र फिरवलं. तात्या डोळे मिटून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले.

"दुखलं का?"

"न्हाई. देवाचं नाव घेतलं."

नूरीननं हातमोजे काढले, मोबाईलवर काहीतरी शोधलं, चित्र पाहिलं, तात्यांचं तोंड पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ होता, जो आम्ही अकरा महिने घेऊन फिरत होतो. मला बरं वाटलं. एकटे नव्हतो.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"काय न्हाई. पोरगा बघतो समदं."

"आधी काय करत होता?"

"सोन्याचा धंदा."

"म्हणजे दुकानात बसून विकायचं?"

तात्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे कुणालाच कळलं नसतं.

"घरी काही जुन्या बॅटऱ्या, रंग, शिसं, असलं काही हाताळता?"

"मी कशाला हाताळू? मी काय बी करत न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं खरं-खोटं तपासून सही केलेला माणूस, सवयीनं म्हणालो, "नाही हो, ते काही करत नाहीत."

"मग ही रेघ कशाची?" नूरीन म्हणाली. ती आम्हाला विचारत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "आमच्या सरांनी शिकवताना सांगितलं होतं, असली रेघ आता पुस्तकातच राहिली. पोटात कळा येतात का? शौचाला होत नाही? रक्त कमी? हातातून वस्तू पडतात?"

एकेका प्रश्नाला तात्या मान डोलवत होते आणि ते जास्त जास्त घाबरत होते. दात बघणाऱ्या पोरीला पोटातलं कसं कळलं, हे त्यांना समजेना.

"परगावी गेलं की बरं वाटतं?"

"व्हय."

"आणि घरी आलं की पुन्हा?"

"व्हय. हिच्या हातचं," असं म्हणून तात्यांनी सवयीनं मंगलवहिनींकडं बोट दाखवलं.

वहिनी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. अकरा महिने त्यांनी तेल बदललं होतं, भांडी बदलली होती, स्वयंपाक सोडला होता. त्या उठल्या.

"मागं भट्टी हाय," त्या म्हणाल्या.

"मंगल."

"काय मंगल? परवा पोट उघडनार हायत तुमचं." मग नूरीनकडं वळून, "रोज बसत्यात. चांदी गाळत्यात. शिसं घालून. दार लावून, खिडकीला पोतं ठोकून बसत्यात, धूर दिसाय नको म्हनून."

"पोतं?" नूरीन म्हणाली.

"लोक म्हनतील, पोरगं बघत न्हाई. वीरधवलला कुनी नावं ठेवाय नकोत, म्हनून मी बी गप बसले. माझा हात जड हाय म्हनले, तवा बी गप बसले."

तात्या खुर्चीत आडवे, गळ्याला टॉवेल. माझी नजर जमिनीवर. बायकोची पैंजणं आठवत होती.

नूरीन स्टूल ओढून तात्यांच्या डोक्याशी बसली. "काका, माझे अब्बा कल्हई करायचे. त्यात शिसं भेसळीचं असायचं. अब्बा कायम उघड्यावर बसायचे, वाऱ्याकडं पाठ करून. आजी ओरडायची, धूर अंगावर घेऊ नको. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. तुम्ही तो धूर कोंडून घेतलात."

"मदुराईत चाळीस वरसं केलं," तात्या म्हणाले. "तवा काय न्हाई झालं."

"तिथं धुराडं होतं?"

तात्या विचारात पडले. "होतं. गच्चीवर. वर पंखा होता."

"आणि इथं पोतं."

मग तात्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो मनापासून होता. "पन पोरी, शिसं तर मळ काढतं. चांदीतला समदा मळ घेऊन जातं. ते मानसात मळ कसं घालंल?" चाळीस वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्यावर असा आळ आल्याचं दुःख त्यांच्या आवाजात होतं.

नूरीननं दात काढला नाही. ती म्हणाली, मी दातांची डॉक्टर आहे, पोटाचं मी ठरवू शकत नाही, पण सर्जनना सांगू शकते. तिनं मिरजेला फोन लावला. सर्जन सुरुवातीला ऐकून घेत होते, मग त्यांनी दोनदा "काय?" असं विचारलं, मग म्हणाले, सोमवारी या, पण ऑपरेशनला नाही, रक्त द्यायला.

रक्तातलं शिसं मोजायला नमुना मुंबईला गेला. चार दिवस लागले. या चार दिवसांत तात्यांच्या मनाची फार ओढाताण झाली. एकीकडं त्यांना शिसं निघावं असं वाटत होतं, म्हणजे पोट वाचेल. दुसरीकडं निघू नये असंही वाटत होतं, म्हणजे भट्टी वाचेल. एकदा मला म्हणाले, "थोडंसं निघावं. फाडाय लागू नये एवढं." अहवाल आला तेव्हा थोडंसं वगैरे काही नव्हतं. माणसात असावं त्याच्या कित्येक पट निघालं. सर्जननी तो कागद पुढं ठेवला आणि आपली जुनी नोंद काढून दाखवली. त्यात त्यांच्याच अक्षरात 'काम: काही नाही' असं लिहिलेलं होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"व्हय," तात्या म्हणाले. "मी बी सांगितलं हुतं." आणि मग खरंच गोंधळून, "पन ते काम न्हवतं ओ सायेब. कुनाकडनं चा बी घेतला न्हाई."

दोन आठवडे दाखल करून औषध दिलं. रक्तातलं शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं ते औषध होतं. ते समजावल्यावर तात्या पहिल्यांदा खूश झाले. "म्हंजे माझीच गलाई," म्हणाले, आणि वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत सुटले. गळ्यातला पट्टा सुटला. हातात कपबशी टिकू लागली. ऑपरेशन कायमचं रद्द झालं. मंगलवहिनींनी दवाखान्यात घरून डबा नेला, तात्यांनी तो सगळा खाल्ला, आणि ते पाहायला वहिनींनी मुद्दाम हरणाबाईंना गाडीत घालून नेलं होतं. वीरधवल विमानानं आला. आईपुढं तो बराच वेळ चुळबुळत बसला. मग म्हणाला, "आई, मला काय म्हायती रं." गोंधळलेल्या मुलाच्या तोंडी आईलाही 'रं' येऊन जातं. वहिनी हसल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

भट्टी वीरधवलनं स्वतः फोडली. खोली धुऊन काढली. गल्लीतली मंडळी तात्यांना भेटायला आली, पण लाजेनं आपापली उरलेली जोडवी कुणी परत मागितली नाहीत. ती अजून एका डब्यात आहेत, आणि कुणाची कुठली हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण तात्या बरे झाल्यावर व्हरांड्यात बसून गल्लीकडं बघू लागले, आणि एके दिवशी मला म्हणाले, "आपल्या गल्लीत परत आलेली किती मानसं हायत रं?"

मी मोजली. अकरा.

"आन मागच्या बाजूला बंद खिडकीच्या खोल्या किती?"

मी मोजायला गेलो नाही. तेच गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. सगळ्यांना एकमेकांचं ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की आपलं तेवढं कुणाला ठाऊक नाही.

पहिले लालासाहेब. दिल्लीहून परतलेले. तात्यांहून चार वर्षांनी मोठे. त्यांनाही वर्षभर पोटाचा अल्सर होता, निदान तसं सांगण्यात येत होतं. तात्यांनी त्यांना मोठ्या मिनतवारीनं नूरीनच्या दवाखान्यात आणलं. लालासाहेबांनी अट घातली होती, की आपण फक्त सोबत म्हणून येणार.

"काय करताय सध्या, काका?" नूरीननं विचारलं.

"सोबत आलोय," लालासाहेब म्हणाले.

"त्येला बसवा त्या खुर्चीत," तात्या म्हणाले. "आन तोंड बघा. रेघ असंल."

लालासाहेब बसले. दिवा वळला. त्यांनी शांतपणे दोन्ही हातांनी आपल्या कवळ्या काढल्या, वरची आणि खालची, आणि रुमालावर ठेवल्या. तोंडात एकही दात नव्हता. गुलाबी, स्वच्छ, गुळगुळीत हिरड्या.

तात्या वाकून बघत राहिले. मग त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून पुन्हा बघितलं. "रेघ न्हाई की गं पोरी."

"दातच नाहीत, तर रेघ कुठं येणार?" नूरीन म्हणाली. "ती दाताच्या कडेलाच येते."

"मंग कसं कळनार?"

"रक्त बघायचं."

"म्हंजे सुई?" लालासाहेब बिनदातांचे बोलले, त्यामुळं ते 'छुई' असं काहीतरी ऐकू आलं. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग तात्यांकडं. "बाळासो, मी तुला सोबत आलोय."

"व्हय," तात्या म्हणाले. "मी बी हाय की सोबत."

बाहेर रस्त्यावरून सांगलीकडची एसटी आली, थांबली, गेली. लालासाहेबांनी वरची कवळी उचलून तोंडात बसवली, मग खालची. जबडा दोनदा हलवून जागेवर बसल्याची खात्री केली. मग त्यांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही कोपराच्या वर सरकवली, आणि तोंड दुसरीकडं फिरवून हात पुढं धरला.